डॉ. बाबासाहेबांचा बालपणीचा प्रवास

परमपूज्य डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मातृवियोगानंतर आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. १९०१ साली वडील सुभेदार रामजी गोरेगाव येथे खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुटीत बोलाविले. नवे कपडे लेवून भीमराव, थोरले बंधू व भाचे आगगाडीने मसूरला उतरले. परंतु पत्र वडिलांच्या हाती न पडल्याने न्यावयास कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरला. गाडीवानांनी नकार दिला. अखेर एकजण दुप्पट भाड्यास कबूल झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी व आपण पायी चालावे या अटीवर! शिदोरी होती, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच निजली.

हीच तहान पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंची झाली. १९५० साली त्यांच्या संस्थेने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले व मराठवाड्यातील मुलांस विद्येची वाट खुली केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

लोहा परिसरातील बंधुभगिनींनो, सोयऱ्यांकडे सहकुटुंब जाताना ही हकीकत मुलांस अवश्य सांगावी.