पावसात विरघळलेला चोर

बँकेत नोकरीला होतो तेव्हा दरोड्याचे सिनेमे मी जरा वेगळ्याच नजरेने बघत असे. प्रेक्षकांचं लक्ष चोराकडे, तर माझं तिजोरीकडे. दोन किल्ल्या दोघांच्या ताब्यात आहेत का, नोटांचे नंबर कुणी टिपून ठेवलेत का, असले प्रश्न मला पडत. ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. पण एका जपानी दिग्दर्शकाने माझे सगळे नियम निकालात काढले. त्यांच्या १९६० सालच्या ‘द ह्यूमन व्हेपर’मधला चोर गजांमधून वायू होऊन आत शिरतो. आता अशा माणसापुढे किल्ल्या दोन असल्या काय आणि दहा असल्या काय!

हे दिग्दर्शक म्हणजे इशिरो होंडा. मोटारवाल्या होंडांशी यांचा संबंध नाही. जगाला ते ठाऊक आहेत ‘गॉडझिला’चे जनक म्हणून. पण मला ओढ वाटते ती त्यांच्या त्या सिनेमांची, ज्यांत गुन्हेगारांच्या टोळ्या आणि विज्ञानकथा एकाच गल्लीत समोरासमोर येतात.

होंडांचा जन्म ७ मे १९११ चा, यामागाता प्रांतातल्या एका डोंगराळ खेड्यातला. वडील बौद्ध भिक्षू, गावच्या देवळातच बिऱ्हाड. पाच भावंडांत हे शेंडेफळ. थोरला भाऊ लष्करात डॉक्टर; तो धाकट्यासाठी विज्ञानाची मासिकं पाठवी. देऊळ आणि विज्ञान, असा हा दुहेरी संस्कार. १९३३ मध्ये ते स्टुडिओत उमेदवारीला लागले. पुढे तोहो या नावाने प्रसिद्धीला आली ती हीच संस्था. अकिरा कुरोसावा या सहकाऱ्याशी तिथेच मैत्र जुळलं, ते अखेरपर्यंत टिकलं.

पण दिग्दर्शकाची खुर्ची मिळायला फार वर्षं जावी लागली. सैन्यात भरती झाले, त्या रेजिमेंटमधल्या काही अधिकाऱ्यांनी १९३६ च्या फेब्रुवारीत टोकियोत बंड केलं. होंडांचा त्यात हात नव्हता, पण तुकडीची रवानगी मांचुरियात झाली. त्यानंतरही बोलावणी येतच राहिली. उमेदीची वर्षं चीनमध्ये बंदूक खांद्यावर घेऊन गेली, आणि शेवटी युद्धकैदही वाट्याला आली. एकदा तोफेचा गोळा अगदी जवळ पडला, पण फुटला नाही. तो गोळा होंडांनी मायदेशी आणला आणि पुढे जन्मभर आपल्या टेबलावर ठेवला. १९४६ मध्ये परतताना वाटेत हिरोशिमा लागलं. तिथे जे दिसलं ते त्यांच्या मनातून कधीच पुसलं गेलं नाही.

१९४९ मध्ये कुरोसावांच्या ‘स्ट्रे डॉग’साठी ते सहायक होते. चोरीला गेलेल्या पिस्तुलाचा माग काढणाऱ्या पोलिसाची ती गोष्ट. त्यासाठी होंडा कॅमेरा घेऊन टोकियोच्या पडक्या वस्त्यांतून, काळ्या बाजारांतून हिंडले. अशा बाजारांवर तेव्हा टोळ्यांचीच सत्ता चाले. हरलेल्या देशाचं पोट कशावर भरतं, ते त्यांनी तिथे जवळून पाहिलं.

मग आलं १९५४ साल. १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांपैकी एक सप्टेंबरात दगावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ‘गॉडझिला’ पडद्यावर आला.

त्या बोटीची छाया १९५८ च्या ‘द एच-मॅन’वरही आहे. टोकियोत पावसाळी रात्री अंमली पदार्थांच्या टोळीतला एकजण गायब होतो. रस्त्यावर उरतात त्याचे कपडे. पोलीस नेहमीप्रमाणे टोळीच्या मागे लागतात आणि त्याच्या गायिका मैत्रिणीवर पाळत ठेवतात. एक तरुण शास्त्रज्ञ मात्र सांगत असतो, की किरणोत्सर्गाने माणसं वितळून द्रवरूप झाली आहेत आणि तो द्रव आता इतरांना गिळतो आहे. कुणाला पटत नाही. अखेर शहराची गटारं पेटवून द्यावी लागतात.

इथे मला होंडांचं मर्म सापडतं. टोळीवाल्यांचा गुन्हा कायद्याच्या पुस्तकात बसतो. त्याला कलम आहे, हातकडी आहे. पण ज्याने समुद्रावर राख पाडली, त्याला कुठल्या चौकीत बोलवायचं? लहान चोर पुढे पळतो आणि मोठा अपराध पायाखालून वाहत राहतो.

‘ह्यूमन व्हेपर’मधला मिझुनोही मुळात खलनायक नव्हे. साधा ग्रंथालयातला नोकर. एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगाने त्याचं असं केलं. तो बँका लुटतो ते एका नर्तिकेचा कार्यक्रम व्हावा म्हणून. आणि चोरीच्या नोटा सापडतात त्या तिच्याकडे. इथे मात्र आमच्या खात्याची शिस्त कामी आली! शेवट असा, की रिकाम्या नाट्यगृहात वायू कोंडलेला आहे, ती त्याला मिठीत घेते आणि स्वतःच लायटर पेटवते. पैशाने कला विकत घेता येईल, पण तिची किंमत चुकती करावीच लागते.

१९६४ च्या ‘डोगोरा’त होंडा चक्क हसतात. हिऱ्यांच्या मागे टोळी लागलेली, आणि आकाशातून आलेला प्राणी कोळसा आणि हिरे दोन्ही सारख्याच आवडीने फस्त करतो. त्याला दोन्ही कार्बनच! बाजारभाव माणसाचा, निसर्गाचा नव्हे.

१९७५ नंतर त्यांनी स्वतःचा सिनेमा केला नाही. मात्र १९८० च्या ‘कागेमुशा’पासून ते पुन्हा कुरोसावांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. जगभर नाव झालेल्या माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यावर मित्राचा मदतनीस व्हावं, याला मोठं मन लागतं. २८ फेब्रुवारी १९९३ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

त्यांच्या सिनेमांतले बाहुले आणि खेळण्यातल्या इमारती आजच्या नातवंडांना हास्यास्पद वाटतील. वाटू द्या. पण ‘एच-मॅन’ लावलात तर मुलांना एवढंच विचारा, की यातला खरा गुन्हेगार पडद्यावर कधी आला का?