भूमिहीनांचे दादासाहेब

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे गावी झाला. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी होते. जमिनीवाचून आपला माणूस दुसऱ्याच्याच बांधावर राबणार, हे त्यांनी ओळखले. १९५९ आणि १९६४ मध्ये त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. पडीक सरकारी जमिनीसाठी हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या नावाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमिनीची तरतूद आहे. वरवट बकालपासून सुरुवात करून वस्तीवस्तीतील भूमिहीनांची यादी आपणच करू या. जयंतीचा हार त्यानंतर. जय भीम!