स्वामी कुवलयानंद : योगाला मोजमाप लावणारे व्यायामशिक्षक

कुरवंड्याच्या टायगर पॉइंटकडे जाणारे पर्यटक लोणावळ्यातून पुढे सरकतात. याच लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी ‘कैवल्यधाम’ सुरू केले.

कोण होते ते?
मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, डभोई (गुजरात). बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे व्यायाम शिकले, मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही होते.

वेगळे काय केले?
गुरूंवर श्रद्धा होती, पण आसनांचे फायदे तपासल्याशिवाय सांगायचे नाहीत, हा त्यांचा नेम. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली करताना पोटात काय घडते, हे क्ष-किरणांनी पाहिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे मोजणीत आढळले. बस्तीत पाणी आत कसे खेचले जाते, याचा उलगडा झाला. या पोकळीला त्यांनी गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. हे प्रयोग ‘योगमीमांसा’ नियतकालिकात छापले.

पुढे काय झाले?
योग शिकवणारे शिक्षक घडावेत म्हणून लोणावळ्यातच महाविद्यालय निघाले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. संशोधन आणि प्रशिक्षण कैवल्यधामात आजही सुरू आहे.