रेडिओचं इंजिन, सायकलची गाडी

तुमच्या घरी माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात एखादं बंद पडलेलं यंत्र नक्की असेल. फवारणीचा पंप, फांद्या तोडायला आणलेली स्वस्तातली चेनसॉ, नाहीतर बाबांची कॉलेजातली मोपेड. तिन्हींच्या पोटात बहुतेक वेळा एकच वस्तू असते. एक सिलिंडर, चार-दोन हलणारे भाग आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं छोटंसं टू-स्ट्रोक इंजिन. दोरी ओढून ओढून हात दुखतो, धूर निघतो, इंजिन काही चालू होत नाही. मग घरातले म्हणतात, टाका भंगारात.

अशाच भंगारात निघालेल्या एका इंजिनापासून सोइचिरो होंडा यांची गोष्ट खऱ्या अर्थानं सुरू होते. होय, रोज सिग्नलला तुमच्या शेजारी उभ्या असणाऱ्या गाड्यांवर ज्यांचं नाव असतं, तेच.

१७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधल्या हामामात्सुजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लोहार. पुढे ते सायकली दुरुस्त करायला लागले. आई विणकाम करायची. पोराचं पुस्तकात लक्ष कमी आणि भात्याजवळ जास्त. पंधराव्या वर्षी ते टोकियोतल्या एका गॅरेजमध्ये उमेदवारीला गेले. तिथं पहिलं काम काय मिळालं असेल? मालकाचं तान्हं बाळ सांभाळायचं! कित्येक महिने पाना हातात आलाच नाही. पण बाळाला घेऊन ते गाड्या बघत राहिले. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर आगीत होरपळलेल्या गाड्यांचा ढीग लागला आणि त्या दुरुस्त करता करता त्यांचा हात तयार झाला. १९२८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याच गॅरेजची शाखा त्यांनी हामामात्सुत काढली.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल. शिक्षण कमी, हातात कला, मग यश. पण खरी गंमत पुढं आहे.

१९३७ च्या सुमाराला त्यांनी दुरुस्ती सोडून पिस्टन रिंग बनवायचं ठरवलं. पिस्टनभोवती बसणारी ही कडी दिसायला बांगडीएवढी साधी. पण ती कडक झाली तर सिलिंडर खरवडते, मऊ पडली तर झिजते. होंडांनी रात्रीचा दिवस केला, साठवलेला पैसा ओतला, तरी रिंग काही जमेना. हाताला सगळं येत होतं, पण धातूच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नव्हतं. शेवटी ते एका तंत्रमहाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे गेले. तपासणीत कळलं की त्यांच्या लोखंडात सिलिकॉन पुरेसं नाही.

आता विचार करा. तिशी ओलांडलेला, गावात नाव असलेला माणूस. त्यानं काय करावं? होंडा त्याच महाविद्यालयात वर्गात जाऊन बसले. तुमच्या वयाच्या मुलांच्या शेजारी! कामाचं तेवढं ऐकायचे, परीक्षा द्यायचे नाहीत. त्यामुळे पदवी मिळाली नाही आणि त्यांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. मात्र जे ज्ञान हवं होतं ते मिळालं. तरीही टोयोटाला दाखवलेल्या पन्नास रिंगांपैकी फक्त तीन पास झाल्या. मग पुन्हा भट्टी, पुन्हा तपासणी, आणि अखेर माल जमला.

युद्धानं ते सगळं हिरावून घेतलं. एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, दुसरा जानेवारी १९४५ च्या भूकंपात कोसळला. युद्धासाठीच माल बनवणाऱ्या कारखान्याचा शेवट युद्धातच झाला. उरलंसुरलं टोयोटाला विकून होंडा वर्षभर स्वस्थ बसले.

१९४६ चा जपान डोळ्यांसमोर आणा. शहरं जळालेली, आगगाड्या खचाखच भरलेल्या, पेट्रोल रेशनवर. तांदूळ आणायला बायकामाणसं सायकलवर मैलोन् मैल जायची. त्याच वर्षी एका ओळखीच्या माणसाकडे होंडांना एक इंजिन दिसलं. लष्कराच्या रेडिओला वीज पुरवणाऱ्या जनरेटरचं, ५० सीसीचं, टू-स्ट्रोक. युद्ध संपल्यामुळे बिनकामाचं झालेलं. त्यांनी ते सायकलला जोडलं. टाकी म्हणून काय वापरलं माहितीये? अंथरुणात शेकायची गरम पाण्याची घरातली बाटली!

अशी सुमारे पाचशे इंजिनं त्यांनी मिळवली. एकेक सोडवायचं, दुरुस्त करायचं, चालवून बघायचं आणि मगच विकायचं. सुरुवातीला इंजिनाचा रबरी रोलर टायरवर घासून चाक फिरवायचे. ते नीट टिकेना, म्हणून पट्टा लावला. पेट्रोल पुरेना, म्हणून पाइनच्या मुळांपासून काढलेलं तेल त्यात मिसळलं. वासानं डोकं उठायचं आणि इंजिन तापेपर्यंत पायडल मारून दम निघायचा.

चाचणीला त्यांनी पत्नी साचींना बसवलं. भर गर्दीतून चक्कर मारून त्या परतल्या तेव्हा त्यांचे चांगले कपडे तेलानं माखलेले होते, कारण कार्बुरेटरमधून इंधन मागं उडत होतं. साचींनी नाराजी लपवली नाही. १९४७ मध्ये होंडांनी स्वतःचं पहिलं इंजिन बाजारात आणलं, त्यात हा दोष काढलेला होता. त्याआधी चिमणीसारखं उंच दिसणारं एक वेगळंच इंजिन त्यांनी करून पाहिलं होतं. कल्पना चांगली होती, पण त्या काळच्या मालात आणि यंत्रांत ती बसेना. त्यांनी ती सोडून दिली. कधी थांबायचं, हेही कळावं लागतं.

२४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी उभी राहिली. १९५८ मध्ये सुपर कब आली, जिची विक्री पुढे दहा कोटींच्या पार गेली. १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत १२५ आणि २५० सीसी दोन्ही गट होंडानं जिंकले. आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिकशी भागीदारी झाली आणि बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा दारोदारी आली. तुमच्या आईला किंवा आत्याला विचारून बघा.

होंडा देवमाणूस नव्हते बरं का. रागीट होते, चिडले की कामगारांवर हातही उचलायचे. पैशांचा आणि विक्रीचा हिशेब त्यांना जमायचा नाही, तो ताकेओ फुजिसावा या भागीदारानं सांभाळला. दोघंही १९७३ मध्ये एकत्रच निवृत्त झाले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी होंडा गेले.

त्यांची गोष्ट ‘शिक्षणाशिवाय यश’ म्हणून फॉरवर्ड होत असते. तुम्ही मात्र ती पूर्ण सांगा. हात चालले म्हणून ते मेकॅनिक झाले आणि हात थांबले तिथं वर्गात जाऊन बसले, म्हणून पुढं कारखानदार झाले.

तेव्हा या सुट्टीत माळ्यावरचं ते यंत्र खाली काढा. आधी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे चुकून चालू व्हायचं नाही. चेनसॉ असेल तर तिच्या ब्रेकला आणि सुरक्षेच्या भागांना हात लावायचा नाही. मग प्लग, एअर फिल्टर आणि कार्बुरेटर एकेक करून साफ करा. काढलेला प्रत्येक स्क्रू क्रमानं मांडून ठेवा. आणि इंजिन तरीही रुसून बसलं, तर ते का रुसलं हे तुमच्या कॉलेजात कोणाला विचारता येईल, तेवढं शोधा.