हेन्री ब्लॅनफर्ड : वादळांचा माग काढणारे शास्त्रज्ञ

वैशाख लागला म्हणजे सूरजागडच्या डोंगराळ मुलुखांत तेंदूपत्त्याचा हंगाम भरास येतो. माडिया कुटुंबें पहांटेस रानांत शिरून पानें तोडितात, घरीं येऊन पुडे बांधितात आणि ते उघड्या फळीवर उन्हांत सुकत ठेवितात. सकाळीं आकाश निरभ्र असतें. परंतु तिसऱ्या प्रहरीं काळे ढग चढूं लागतात, धुळीचा लोट उठतो, वीज कडाडते आणि घटकाभर गारांचा मारा होऊन कित्येक दिवसांची मिळकत मातीस मिळते. अशा संकटाची वर्दी आगाऊ मिळाली तर किती बरें होईल, असें कोणासही वाटेल. ती मिळावी म्हणून सबंध देशाच्या हवेची एकत्र नोंद ठेवण्याची व्यवस्था ज्यांनीं बसवून दिली, त्या हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म १८३४ सालीं लंडन शहरीं झाला. तेथील खनिविद्येच्या शाळेंत व पुढें जर्मनींतील फ्रायबर्ग येथें त्यांचें शिक्षण झालें. १८५५ सालीं ते आणि त्यांचे वडील बंधु विल्यम असे दोघेही हिंदुस्थानच्या भूगर्भ-संशोधन खात्यांत दाखल झाले. ओरिसांतील तालचेर येथें खडकांची पाहणी करीत असतां बारीक गाळाच्या थरांत रुतलेले मोठमोठे गोटे त्यांच्या दृष्टीस पडले. वाहतें पाणी असे जड गोटे आणि बारीक गाळ एकाच ठिकाणीं आणून टाकीत नाहीं; हें काम बर्फाचेंच असलें पाहिजे, असा तर्क त्यांनीं केला. जेथें उन्हानें जमीन भाजून निघते तेथें एके काळीं बर्फ होतें, असें म्हणणें मोठ्या धाडसाचें होतें. परंतु पुढें आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यांत इरई नदीजवळ बर्फाच्या घासणीनें ओरखडलेला खडक सांपडला आणि त्या तर्कास बळकटी आली.

प्रकृति बिघडल्यामुळें १८६२ सालीं त्यांनीं डोंगरदऱ्यांतील ती नोकरी सोडली व कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापकाची जागा पतकरली. दोनच वर्षांनीं, ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं, कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आलें. समुद्राचें पाणी हुगळीच्या मुखांतून आंत घुसलें आणि पन्नास हजारांवर माणसें प्राणांस मुकलीं. ब्लॅनफर्ड यांनीं गॅस्ट्रेल नांवाच्या अधिकाऱ्यासह जहाजांच्या रोजनिशा व ठिकठिकाणचे वृत्तांत जमवून या वादळाचा मार्ग कागदावर उतरविला. पुढें १८६७ सालीं बंगाल सरकारनें हवेच्या नोंदींचें काम त्यांजकडे सोंपविलें.

त्या काळीं प्रत्येक प्रांताची रीत निराळी होती. यंत्रें निराळीं, नोंद घेण्याची वेळ निराळी. एका गांवचा शेर दुसऱ्या गांवच्या शेराशीं जुळेना, तर दोन्ही गांवच्या धान्याचा हिशेब एकत्र कसा मांडावा? १८७५ सालीं ब्लॅनफर्ड सबंध हिंदुस्थानच्या हवामान-खात्याचे पहिले प्रमुख झाले, आणि त्यांनीं प्रथम हाच घोळ मिटविण्याचें काम हातीं घेतलें. ठिकठिकाणचे वायुभारमापक एकाच प्रमाणाशीं ताडून पाहिले जाऊं लागले आणि नोंदींची पद्धति एक झाली. हें काम दिसण्यांत रुक्ष खरें. परंतु पुढील सर्व आडाखे त्याच्याच आधारावर उभे आहेत.

याचें कारण आमच्याच आकाशांत पाहावें. आमच्याकडील उन्हाळी वादळास लागणारी वाफ बहुधा बंगालच्या उपसागरावरून येते. तिच्यावरून वाहणारा कोरडा वारा वायव्येकडून येतो. खालीं दमट व तापलेली हवा आणि वर कोरडी व थंड हवा असा योग जुळला म्हणजे ढग मैलोगणती उंच चढतात. त्यांतील वर जाणारा झोत पाण्याचे थेंब उचलून गोठवितो. गारेवर बर्फाचीं पुटें चढतात, आणि तिचें वजन झोतास पेलेनासें झालें म्हणजे ती खालीं येते. म्हणून सूरजागडच्या गारेचा माग काढावयाचा तर सूरजागडचें आकाश एकटें पाहून भागत नाहीं. समुद्रापासून हिमालयापर्यंत दृष्टि ठेवावी लागते.

हिमालयाकडे ब्लॅनफर्ड यांचें विशेष लक्ष होतें. १८७६ नंतरच्या भीषण दुष्काळानें पावसाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. हिमालयांत बर्फ फार पडलें म्हणजे पुढील पावसाळा कमी पडण्याचा संभव असतो, असें त्यांनीं १८८४ सालीं मांडिलें. आणि ४ जून १८८६ पासून पावसाळ्याचें भाकीत दरवर्षीं प्रसिद्ध होऊं लागलें. एकट्या बर्फावर विसंबून भागत नाहीं, हें पुढें अनुभवास आलें. तथापि वाट त्यांनींच दाखविली.

गारांपुढें मात्र ती विद्या थिटी पडली. ते सेवानिवृत्त होण्याच्या आदल्याच वर्षीं, ३० एप्रिल १८८८ रोजीं, उत्तरेंत मुरादाबाद येथें गारांच्या वादळानें २४६ माणसांचा बळी घेतला. चक्रीवादळ शेंकडों मैल पसरतें व दिवसचे दिवस चालतें; गारांचा ढग दोन ठाण्यांच्या मधून निसटून जातो आणि तासाभरांत संपतो. उंचावरील हवा मोजण्याचें साधन तेव्हां खात्याजवळ नव्हतें.

१८८९ सालीं ब्लॅनफर्ड निवृत्त झाले. हिंदुस्थानच्या हवामानावरील त्यांचा ग्रंथ त्याच सालीं बाहेर पडला. येथील शाळांतील मुलांसाठींही त्यांनीं भूगोलाचें पुस्तक लिहिलें होतें, हें आम्हां विद्यार्थ्यांस विशेष वाटतें. २३ जानेवारी १८९३ रोजीं इंग्लंडांतील फोकस्टन येथें त्यांचा अंत झाला.

त्यांचें खातें १९२८ सालीं पुण्यास आलें; तेथील त्या इमारतीस आजही शिमला ऑफिस म्हणतात. आज उपग्रह आकाशांतून ढग पाहतात, नागपुरास डॉप्लर रडार आहे, आणि वादळाचा इशारा सबंध जिल्ह्यास आदल्या दिवशींही देतां येतो. नेमकी कोणत्या गांवावर गार पडेल, हें मात्र अजूनही फार तर दोन-तीन तास आधीं कळतें. तेवढ्या वेळांत ती वर्दी रानांतील पानें तोडणारापर्यंत पोंचली पाहिजे. नाहीं तर सर्व विद्या कागदावरच राहते. ब्लॅनफर्ड यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा धडा आम्हांस एवढाच दिसतो कीं, मोठें भाकीत लहान नोंदींवर उभें असतें. कोणा एका खेड्यांतील मास्तरानें पर्जन्यमापकांतील पाणी रोज ठरल्या वेळीं खरेपणानें मोजिलें, तर दूरच्या एखाद्या अनोळखी माणसाचें घर त्यामुळें वांचूं शकतें.