डागाळलेल्या दातांचा माग

सारोळ्यासारख्या नीरेकाठच्या गावात विंधणविहिरीला पाणी लागले, की ते गोड की मचूळ एवढेच आपण विचारतो. अमेरिकी दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांनी त्यापलीकडे पाहिले. १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला आल्यावर त्यांना तेथील मुलांचे दात तपकिरी डागांचे आढळले. नवल हे, की ते सहसा किडत नव्हते. मॅके यांचा संशय पाण्यावर गेला. त्यांच्या सल्ल्याने ओकली गावाने जलवाहिनीच टाकून दिली. पुढील मुलांचे दात निर्मळ उगवले. १९३१ मध्ये फ्लोराइड हे कारण सिद्ध झाले. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्सने तेच अल्प प्रमाणात पाण्यात मिसळले. मॅके १९५९ मध्ये वारले. यवतमाळ-चंद्रपूरकडील कित्येक गावांपुढे मात्र प्रश्न फ्लोराइड काढण्याचाच आहे.