पानावरच्या शब्दांची शिस्त मोडणारा कवी : ई. ई. कमिंग्ज

छापील पानावर कविता कशी दिसावी, याविषयीचे संकेत ज्या अमेरिकन कवींनी विसाव्या शतकात मोडीत काढले, त्यांत एडवर्ड एस्टलिन कमिंग्ज यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. सुमारे २,९०० कविता, दोन आत्मकथनपर गद्यग्रंथ, नाटके, निबंध आणि असंख्य चित्रे एवढी त्यांची निर्मिती आहे.

१४ ऑक्टोबर १८९४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे त्यांचा जन्म झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत. पुढे ते बोस्टनच्या एका चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. आई रिबेका यांनी मुलाच्या काव्यलेखनाला लहानपणापासून उत्तेजन दिले आणि आठव्या वर्षापासून रोज एक कविता लिहिण्याचा परिपाठ त्याने अनेक वर्षे पाळला. हार्वर्डमधून १९१५मध्ये पदवी आणि १९१६मध्ये एम. ए. संपादन करताना त्यांनी ग्रीक व लॅटिन साहित्याचा अभ्यास केला. परंपरा मोडण्यापूर्वी ती त्यांनी आत्मसात केली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९१७मध्ये पहिल्या महायुद्धात ते स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकातून फ्रान्सला गेले. तेथे विल्यम स्लेटर ब्राऊन या सहकाऱ्याच्या पत्रांतील युद्धविरोधी मजकुरामुळे फ्रेंच अधिकाऱ्यांना दोघांचाही संशय आला. चौकशीत कमिंग्ज यांनी जर्मनांचा द्वेष करतो असे म्हणण्यास नकार दिला. एवढे वाक्य उच्चारले असते तर कदाचित त्यांची सुटका झाली असती. मित्राची साथ न सोडता त्यांनी नॉर्मंडीतील ला फेर्ते-मासे येथील छावणीत तीन महिन्यांहून अधिक काळ बंदिवास सोसला. वडिलांनी थेट राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पत्र लिहिले. अखेर डिसेंबर १९१७मध्ये त्यांची मुक्तता झाली. या अनुभवावरील ‘द इनॉर्मस रूम’ हा ग्रंथ १९२२मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तेच्या यंत्रणेपुढे एकटा माणूस, हा त्यांच्या पुढील लेखनाचाही गाभा ठरला.

‘ट्यूलिप्स अँड चिम्नीज’ हा पहिला संग्रह १९२३मध्ये आला. इंग्रजीत ‘मी’ या अर्थाचे अक्षर नेहमी मोठ्या लिपीत लिहितात. कमिंग्ज यांनी ते लहान केले. शब्द मधोमध तोडले, विरामचिन्हे अनपेक्षित ठिकाणी ठेवली, कंसांत ओळी गुंफल्या. टंकलेखन यंत्रावर ते प्रत्येक मोकळी जागा मोजून ठरवीत. १९५८च्या संग्रहातील एका प्रसिद्ध कवितेत तर एकाकीपणाच्या शब्दाच्या पोटातच गळणारे पान अक्षराअक्षराने खाली उतरते. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने या प्रयोगांतील बराचसा भाग मराठीत आणणे जवळजवळ अशक्य आहे. गंमत अशी की या बंडखोर कवीने सुनीतेही मोठ्या संख्येने लिहिली. त्यांचे नाव लहान अक्षरांत छापण्याची प्रथा मात्र मुख्यतः प्रकाशकांनी रूढ केली. ते स्वतः बहुधा मोठी आद्याक्षरे वापरून स्वाक्षरी करीत.

१९२६मध्ये हिमवादळात रेल्वे इंजिनाची धडक मोटारीला बसून वडिलांचे निधन झाले. त्यांच्यावरील शोककविता कमिंग्ज यांच्या श्रेष्ठ रचनांत गणली जाते. पहिला विवाह १९२४मध्ये काही महिन्यांतच मोडला. त्यांची एकुलती मुलगी आईसोबत दूर वाढली; आपले वडील कोण, हे तिला १९४८ साली कळले.

१९३१च्या सोव्हिएत रशियाच्या प्रवासाने त्यांचा तीव्र भ्रमनिरास झाला आणि ‘ऐमी’ (१९३३) या ग्रंथात त्यांनी तो परखडपणे मांडला. पुढचा कवितासंग्रह १४ प्रकाशकांनी नाकारला. आईने दिलेल्या पैशातून १९३५मध्ये तो निघाला, तेव्हा त्याचे नाव ‘नो थँक्स’ होते आणि अर्पणपत्रिकेत त्या चौदाही प्रकाशकांची नावे अस्थिकलशाच्या आकारात रचलेली होती.

उत्तरायुष्यात मानसन्मान लाभले. १९५२-५३मध्ये हार्वर्डची नॉर्टन व्याख्याने त्यांनी दिली. १९५८मध्ये बोलिंगेन पुरस्कार मिळाला. मात्र १९५०च्या संग्रहातील ज्यूंविषयीच्या अपमानास्पद शब्दांवर टीका झाली, आणि ती योग्यच होती. व्यक्तीचे मोल गाणाऱ्या कवीच्या कीर्तीवरचा हा डाग पुसता येत नाही.

न्यूयॉर्कमधील पॅचिन प्लेस या गल्लीतील घरात त्यांनी सुमारे चार दशके वास्तव्य केले. उन्हाळा ते न्यू हॅम्पशायरमधील आपल्या शेतावर काढीत. तेथेच लाकडे फोडून झाल्यावर त्यांना मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला आणि ३ सप्टेंबर १९६२ रोजी वयाच्या ६७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शब्दांमधील रिकाम्या जागेलाही अर्थ असतो, ही जाणीव इंग्रजी कवितेला देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.